‘हा तर आपला काफी!’ म्हणण्याआधी: जॅझमधले प्रभाव ओळखण्यासाठी श्रवणबैठक कशी घ्यावी

नागपूरच्या लक्ष्मीनगरातल्या आमच्या दिवाणखान्यात महिन्यातून एकदा आठ-दहा जण जॅझ ऐकायला जमतात. निम्मे हिंदुस्थानी संगीत ऐकत वाढलेले, दोघं-तिघं गिटारवाले, आणि एक रेल्वेतून निवृत्त झालेले काका. सुरुवातीला दर वेळी एकच गोष्ट व्हायची. रेकॉर्ड लागून दोन मिनिटं झाली की कोणीतरी मांडीवर थाप मारून म्हणायचं, ‘‘अरे भाऊ, हा तर आपला काफी!’’ काफी म्हणजे आपला हिंदुस्थानी राग. मग तासभर वाद चालायचा आणि रेकॉर्ड बिचारी कोणी न ऐकता संपून जायची.

अशा बैठकी आता धरमपेठेत, सदरमध्ये, मानेवाड्यात इतरही कोणी कोणी घेतात. तिथून फोन येतात, आणि अडचण सगळीकडे तीच असते: प्रभावाचं नाव आधी ठरतं आणि ऐकणं मागाहून होतं. खालचा क्रम याच चुकीसाठी लिहिला आहे. पायऱ्या उलट्यापालट्या करू नका, विशेषतः सहावी पायरी तिसरीच्या आधी आणू नका.

१. खोली, स्पीकर आणि कूलर

जॅझमध्ये षड्ज, म्हणजे आधाराचा ‘सा’, शोधायचा तर बास ऐकू यायला हवा. त्या मोठ्या उभ्या वाद्याची सर्वांत खालची तार साधारण ४१ हर्ट्झला बोलते. मोबाइलचा स्पीकर त्याच्या कितीतरी वर सुरू होतो, त्यामुळे मोबाइलवर तुम्हाला सॅक्सोफोन ऐकू येतो, खालची जमीन नाही. ‘हा राग आहे’ असे निम्मे निकाल मोबाइलवरच लागलेले असतात, कारण खाली सुरावट बदलतेय हे कानावर पडलेलंच नसतं. कपाटावरचे जुने स्पीकर चालतील, तारेचे हेडफोनही चालतील. महाग काही लागत नाही.

आता आपला नागपुरी प्रश्न. कूलरचा घों-घों आवाज नेमका बासच्या पट्टीत बसतो. एप्रिल-मे मध्ये दुपारची बैठक ठेवलीत तर एक तर कूलर ऐकाल, नाहीतर घामाघूम व्हाल. आम्ही रात्री आठला जमतो, तासभर आधी खोली गार करून घेतो, रेकॉर्ड लागली की कूलर बंद आणि मधल्या वेळेत पुन्हा चालू. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. तर्री-पोहे बैठक संपल्यावर. चिवडा तर अजिबात नको, बासपेक्षा त्याचाच आवाज जास्त होतो.

सोबत ठेवायचं सामान: पेटी किंवा कुठलाही कीबोर्ड, तंबोऱ्याचं अ‍ॅप, वही, पेन्सिल.

तपासा: ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची ‘सो व्हॉट’ लावा (१९५९). सुरुवातीच्या संथ तुकड्यानंतर मुख्य धून बास वाजवतो आणि बाकीचे दोन स्वरगुच्छांनी त्याला उत्तर देतात. बासची ती धून तुम्हाला गुणगुणता आली तर खोली तयार आहे. फक्त उत्तरंच ऐकू येत असतील तर स्पीकर बदला, पुढे जाऊ नका.

२. रेकॉर्ड निवडा आणि तिचं नाव लपवा

वादकांची नावं आणि ध्वनिमुद्रणाचं वर्ष माहीत असलेलीच रेकॉर्ड घ्या. ‘रिलॅक्सिंग जॅझ’ छापाच्या याद्या या कामाला निरुपयोगी, कारण कोण वाजवतंय तेच कळत नाही.

निवडणारा एकच माणूस असावा. बाकीच्यांना नाव सांगायचं नाही, मुखपृष्ठही दाखवायचं नाही. हा नियम मी स्वतः तोंडावर पडून शिकलो. ड्यूक एलिंग्टनच्या ‘फार ईस्ट स्वीट’ या संचातली, म्हणजे अल्बममधली (१९६७) ‘इस्फहान’ लावण्याआधी मी पाच मिनिटं इराणी सुरावटींवर बोललो. सगळ्यांना जॉनी हॉजेसच्या सॅक्सोफोनमध्ये लगेच इराण ऐकू यायला लागलं. काका शांतपणे म्हणाले, ‘‘काहून जी, ही धून दौऱ्याच्या आधीची नाही का?’’ बरोबरच होतं त्यांचं. एलिंग्टनचा सहकारी बिली स्ट्रेहॉर्न याने ती बँडच्या १९६३च्या आशिया दौऱ्याच्या काही महिने आधी लिहिली होती, आणि तेव्हा तिचं नाव ‘एल्फ’ होतं. इराण नावात आहे, सुरात नाही. त्याच संचातल्या ‘ब्लूबर्ड ऑफ दिल्ली’ची गोष्ट मात्र वेगळी. तिच्यातली क्लॅरिनेटची लकेर तिकडे ऐकलेल्या पक्ष्याच्या शिळेवरून आली आहे. एकाच संचात एक नाव फसवं आणि दुसरं खरं!

सावध: ‘अ नाइट इन ट्युनिशिया’ हे असंच दुसरं नाव. त्यात ट्युनिशिया शोधू नका. तिच्या खालचा ठेका क्यूबाच्या अंगाने जातो.

३. पहिलं ऐकणं: फक्त मात्रा

पहिल्यांदा ऐकताना सुरांकडे लक्षच द्यायचं नाही. पायाने मात्रा धरा. साध्या जॅझमध्ये चारची मोजणी असते, आणि टाळी १ आणि ३ वर नसून २ आणि ४ वर पडते. केरवा तालाच्या सवयीने आपला हात हमखास पहिल्या मात्रेवर जातो. दहा मिनिटं फक्त टाळीचा सराव करा, लाजू नका.

हात बसला की विषम मोजणीच्या रेकॉर्ड घ्या. इथे आपल्याकडचे बोल फार उपयोगी पडतात. दोनला ‘तक’, तीनला ‘तकिट’. पियानोवादक डेव्ह ब्रुबेकची ‘ब्लू राँडो आ ला तुर्क’ (१९५९) लावा आणि म्हणा:

तक तक तक तकिट
तक तक तक तकिट
तक तक तक तकिट
तकिट तकिट तकिट

चारही ओळी नऊ-नऊ मात्रांच्या. पहिल्या तीन २+२+२+३, चौथी ३+३+३. हा नऊचा ठेका ब्रुबेकने १९५८च्या दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या वादकांकडून ऐकला. पण पुढे एकल वादन सुरू झालं की ठेका चक्क चारवर येतो आणि साधं ब्लूज (जॅझच्या मुळाशी असलेला अमेरिकी गानप्रकार) सुरू होतं. म्हणजे प्रभाव धुनेत आहे, उत्स्फूर्त वादनात नाही. असं बारीक बोलता यायला हवं. नुसतं ‘तुर्की प्रभाव’ म्हणून सोडून दिलं तर अर्धी रेकॉर्ड ऐकलीच नाही असं समजा.

ब्रुबेकच्याच बँडच्या ‘टेक फाइव्ह’ला लोक हटकून ‘अर्धा झपताल’ (दहा मात्रांचा ताल) म्हणतात. म्हणून बघा: झपतालाचा अर्धा भाग २+३, म्हणजे तक तकिट. ‘टेक फाइव्ह’ ३+२, म्हणजे तकिट तक. बेरीज सारखी, वजन उलटं. धुनेचा कर्ता पॉल डेसमंड झपताल ऐकून बसला होता असं मानायला काहीही आधार नाही.

क्यूबाच्या ठेक्यासाठी तीनतालाच्या १६ मात्रा भरभर मोजा आणि १, ४, ७, ११, १३ वर टाळी द्या. ही ‘क्लावे’. पहिल्या अर्ध्यात तीन टाळ्या, दुसऱ्यात दोन. आधी रेकॉर्ड न लावता पाच मिनिटं टाळी द्या, मग क्यूबाच्या ठेक्यात वाजवणाऱ्या माचितोच्या वाद्यवृंदाची ‘टांगा’ लावा, आणि त्यानंतर ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी व चानो पोझो यांची ‘मांतेका’ (१९४७). पोझो क्यूबाचा काँगावादक (काँगा म्हणजे हाताने वाजवायचा उंच ढोल). ‘मांतेका’चा मधला भाग गिलेस्पीने लिहिला आणि तिथे जॅझची सुरावट वर येते. ठेका कुणाचा आणि मधला भाग कुणाचा हे वेगळं ऐकू येईपर्यंत तीच रेकॉर्ड पुन्हा लावा, ती जेमतेम तीन मिनिटांची आहे.

तपासा: वहीत या घडीला फक्त आकडे असावेत. ‘तुर्की’, ‘आफ्रिकी’, ‘भारतीय’ यांपैकी एकही शब्द लिहिला असेल तर खोडा.

४. दुसरं ऐकणं: षड्ज कुठे आहे, आणि तो हलतो का

आपल्या कानाची मोठी ताकद आणि मोठी अडचण इथेच. तंबोरा ऐकत वाढलेला कान षड्ज पटकन पकडतो आणि मग तो सोडायलाच तयार नसतो.

पेटीवर पांढरी दोनपासून (गिटारवाल्यांचा ‘डी’) फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवत वर जा. काफी थाट, म्हणजे काफी रागाची सात स्वरांची चौकट, मिळाला. ‘सो व्हॉट’ तिथूनच सुरू होते, म्हणून ‘आपला काफी’ ही आरोळी उठते. आता मोजत राहा. चार मात्रांचा एक गाळा धरला तर १६ गाळे, म्हणजे ६४ मात्रा, षड्ज पांढरी दोनवर राहतो. मग पुढचे ८ गाळे सगळा डोलारा काळी दोनवर सरकतो आणि शेवटच्या ८ गाळ्यांत परत खाली येतो. १२८ मात्रांचं एक आवर्तन म्हणा हवं तर. जॅझवाले त्याला ‘कोरस’ म्हणतात. तंबोऱ्याचं अ‍ॅप पांढरी दोनवर लावून ठेवा, काळी दोनवर गेल्या क्षणी तंबोरा कानाला टोचेल. ज्या संगीतात षड्जच उचलून दुसरीकडे ठेवतात, तिथे राग कसा मांडणार?

‘सो व्हॉट’ ज्यात आहे त्या ‘काइंड ऑफ ब्लू’ संचातली ‘फ्रेडी फ्रीलोडर’ घेऊन ब्लूजचं आवर्तनही पक्कं करून ठेवा: बारा गाळे, ४८ मात्रा. पहिले चार गाळे बास घरी असतो, मग दोन गाळे मध्यमावर, दोन परत घरी, नंतर पंचम आणि मध्यमाकडून घरी येण्याची वाट. हे आवर्तन ओळखता आलं नाही तर पुढे कुठल्याही रेकॉर्डमध्ये जॅझचं स्वतःचं काय आणि बाहेरून आलेलं काय, ते वेगळं करता येणार नाही.

आता सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची ‘इंडिया’ लावा. तंबोरा पांढरी पाचवर. इथे तो टोचत नाही. दोन बास मिळून तोच आधारस्वर धरून ठेवतात. ‘सो व्हॉट’ आणि ‘इंडिया’ लागोपाठ ऐकल्या की फरक सांगावा लागत नाही.

सावध: न हलणारा षड्ज म्हणजे भारत असंही नाही. एकच आधारस्वर धरणारी संगीतं जगात पुष्कळ आहेत. वहीत ‘षड्ज स्थिर’ एवढंच लिहा.

५. तिसरं ऐकणं: स्वर मोजू नका, चलन बघा

चलन म्हणजे स्वर कसे फिरतात ती चाल. सगळ्यात जास्त चुका याच पायरीवर होतात, म्हणून इथे थोडा वेळ काढा.

भूप आणि देशकार यांचे स्वर एकच: सा रे ग प ध. तरी मैफलीत कोणी देशकाराला भूप म्हटलं तर आपण त्याला उठवून लावू. न्यास (थांबण्याचा स्वर) कुठे, वादी (मुख्य स्वर) कोण, अंग पूर्वांगाकडे (खालच्या स्वरांकडे) की उत्तरांगाकडे (वरच्या), यावर आपण हटून बसतो. मग इथिओपियाच्या रेकॉर्डमध्ये ते पाच स्वर दिसले की हाच माणूस ‘भूप!’ म्हणून कसा ओरडतो? इथिओपियाचा जॅझवादक मुलातू अस्तात्के याच्या संगीतामागे ज्या इथिओपियाच्या स्वरमाला आहेत त्यांतल्या ‘तिझिता’च्या एका रूपात नेमके हेच पाच स्वर येतात. ते त्यांच्याकडचे आहेत. आपल्या घरातल्या रागाला जो नियम लावता तोच त्यांनाही लावा.

दुसरा सापळा गंधाराचा. ब्लूजमधला गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी वाकवून घेतात. तो ऐकला की कोणाला तरी दरबारी आठवतो. पेटी बाजूला ठेवा आणि गाऊन बघा. दरबारीचा गंधार अतिकोमल, आंदोलित, खाली झुकणारा. ब्लूजचा गंधार शुद्धाकडे सरकू पाहणारा, आणि बऱ्याचदा खाली शुद्ध गंधाराचा स्वरगुच्छ चालू असताना वरून घासत जाणारा. ती रगड हीच त्याची गंमत. दरबारीत तशी रगड ऐकू आली तर गवय्या बेसूर झाला म्हणू.

तिसरी गोष्ट वाद्याची. सतार किंवा तबला ऐकू आला की निकाल लागला असं समजू नका. माइल्स डेव्हिसच्या ‘ऑन द कॉर्नर’मध्ये (१९७२) बादल रॉय यांचा तबला आहे, सतारही आहे. पण सतार तिथे रंगासारखी वापरली आहे, खाली फंक चालू आहे. आलाप-जोड शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही आणि रेकॉर्डवर उगाच अन्याय होईल.

मग पक्की खूण कोणती? जी शिकल्याशिवाय येत नाही ती. एकच तुकडा तीनदा येऊन समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) अचूक उतरला तर ती तिहाई आहे, आणि असा हिशोब सहसा योगायोगाने जमत नाही. ‘शक्ती’ या बँडच्या पहिल्या संचातली (१९७६) अठरा मिनिटांची ‘जॉय’ लावा. झाकिर हुसेनचा तबला, विक्कू विनायकरामचा घटम, एल. शंकरचं व्हायोलिन, आणि त्यांच्यासोबत जॉन मॅक्लॉफलिनची गिटार तेच हिशोब पाळते. इथे ‘भारतीय प्रभाव’ म्हणणंसुद्धा कमीच, कारण मॅक्लॉफलिन सोडला तर बाकी सगळे आपल्याकडचे.

तपासा: प्रत्येकाने एक वाक्य लिहावं, ‘मला अमुक मिनिटाला अमुक ऐकू आलं’ असं. मिनिट लिहिता येत नसेल तर ते कानाने ऐकलेलं नाही, मनाने ऐकलेलं आहे.

६. आता कागद: वर्ष, वादक, प्रवास

नाव उघड करा आणि तीन प्रश्न विचारा. ध्वनिमुद्रण कधीचं? त्याआधी वादकाने ते दुसरं संगीत कुठे आणि कोणाकडून ऐकलं? सोबत त्या परंपरेतला कोणी वाजवत होता का?

कोल्ट्रेनच्या बाबतीत कागद भक्कम आहे. ‘इंडिया’ नोव्हेंबर १९६१ मधली, आणि १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचं नाव त्याने रविशंकरांवरून रवी ठेवलं. पण त्याच १९६१ साली त्याने स्पॅनिश लोकधुनेवरची ‘ओले’ वाजवली आणि ‘आफ्रिका’ नावाची लांब रचनाही मुद्रित केली. एकाच वर्षात तो तीन दिशांना कान लावून बसला होता. आपण त्यातली आपली दिशा तेवढी उचलतो.

‘काइंड ऑफ ब्लू’ला मात्र हा कागद मिळत नाही. एका थाटावर रेंगाळण्याची ती पद्धत जॅझ-संगीतकार जॉर्ज रसेलने १९५३ मध्ये मांडलेल्या स्वरमालांच्या सिद्धांताकडून आणि त्याभोवतीच्या मंडळींकडून आलेली. काफी थाट जुळतो तो योगायोगाने.

मुलातूचा कागद तर डोळे उघडणारा आहे. तो ब्रिटनमध्ये शिकला, मग बोस्टनमध्ये, आणि १९६६ मध्ये न्यूयॉर्कला त्याने काढलेल्या पहिल्या रेकॉर्डवर लॅटिन ठेका ठळक आहे. म्हणजे आदिस अबाबाच्या सुरांखालचा काँगा क्यूबाकडून, न्यूयॉर्कमार्गे आलेला. प्रभावाचा बाण नेहमी सरळ जात नाही, दोन ठिकाणी गाडी बदलून येतो.

सावध: बाण उलटाही असतो. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’तलं (१९५१) ‘शोला जो भडके’ लावा. चिक चॉकलेट या नावाने ओळखला जाणारा गोव्याचा ट्रम्पेटवादक आणि त्याचा बँड त्या चित्रपटात दिसतोही. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणाऱ्यांनी आपल्या गाण्यांत काय आणलं हे न बघता ‘त्यांनी आपल्याकडून घेतलं’ एवढंच मोजणं हा अर्धवट हिशोब झाला.

७. बैठकीचा क्रम

दोन तासांत सहा रेकॉर्डपेक्षा जास्त नकोत, आणि तीनदा ऐकायच्या फक्त दोन. बाकीच्या एकदाच. आमचा बसलेला क्रम: आधी ‘फ्रेडी फ्रीलोडर’, म्हणजे बाहेरचा दावा नसलेलं साधं ब्लूज, कान जागेवर यायला. मग ‘ब्लू राँडो’, मग ‘मांतेका’. मधली सुटी, कूलर. त्यानंतर ‘इंडिया’, ती चौदा मिनिटांची आहे, म्हणून लोक ताजेतवाने असताना. मग मुलातू, आणि शेवटी ‘शोला जो भडके’, कारण त्यानंतर कोणी गप्प बसत नाही.

‘शक्ती’ने सुरुवात करू नका. ती इतकी ओळखीची वाटते की नंतरच्या प्रत्येक रेकॉर्डमध्ये लोक तबलाच शोधत बसतात. दोनदा असं झालंय आमच्याकडे.

घरगुती बैठकीला कोणाची परवानगी लागत नाही. सभागृह घेऊन, तिकीट लावून रेकॉर्डी वाजवणार असाल तर सार्वजनिक वादनाचा परवाना आधी काढा. आणि रात्री दहानंतर आवाज खाली, नाहीतर शेजारचे येतील, तेही जॅझ ऐकायला नाही.

८. वहीतली नोंद

नोंद त्याच रात्री करा, दुसऱ्या दिवशी फक्त मतं आठवतात. आमच्या वहीतली एक, जशीच्या तशी:

रेकॉर्ड: कोल्ट्रेन, ‘इंडिया’. व्हिलेज व्हॅनगार्ड, न्यूयॉर्क, नोव्हेंबर १९६१.
मात्रा: चारची मोजणी. ड्रमवर एल्विन जोन्स, वर तीन-तीनचे तुकडे.
षड्ज: पांढरी पाच. स्थिर. दोन बास.
चलन: रागाचं नाही. एकल वादनात बाराही स्वर येतात, एरिक डॉल्फीच्या बास क्लॅरिनेटमध्ये तर फारच.
तिहाई: सापडली नाही.
कागद: भक्कम.
निकाल: आधारस्वराची कल्पना, होय. राग, नाही.
मतभेद: काकांना मधे खमाज ऐकू आला, पण मिनिट सांगता आलं नाही. जानेवारीत पुन्हा लावायची, कूलर नसताना.